बंदूक दाराशी ठेवून आत या

अमेरिकेला निघालेल्या मराठी माणसाला घरून दोन सूचना हमखास मिळतात. लोणच्याच्या बरणीला वरून पिशवी बांध, आणि तिकडे रस्त्यात कुणाशी हुज्जत घालू नकोस, सगळ्यांच्या खिशात पिस्तूल असतं. पहिली सूचना बिनतोड आहे. दुसरीत थोडी अतिशयोक्ती आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत स्वतःच्या मालकीची बंदूक असल्याचे सांगणारे प्रौढ अमेरिकन ३२ टक्के निघाले. म्हणजे साधारण तिघांतल्या दोघांशी हुज्जत घालायला हरकत नसावी. (कोणत्या दोघांशी, याचा खुलासा पाहणीत नाही.) हा प्रवास त्या उरलेल्या तिसऱ्याच्या मुलखातला आहे. हा तिसरा म्हणजे सिनेमातला गुंड नव्हे. शनिवारी सकाळी कानावर मफ चढवून कागदाला भोके पाडणारा, दुपारी त्या भोकांची चर्चा करणारा आणि संध्याकाळी पुढच्या पिस्तुलाचा खर्च घरात कसा सांगावा या विवंचनेत पडणारा तो एक हौशी गृहस्थ असतो. त्याच्या अड्ड्यांवरून फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: अमेरिकेत बंदुकीवरचा सर्वांत कडक बंदोबस्त पाहायचा असेल, तर संसदेच्या पायऱ्या चढण्यात अर्थ नाही. बंदुकीवर प्रेम करणारी माणसे जिथे जमतात, तिथे जावे.

सुरुवात ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावापासून करावी, कारण आपल्या डोक्यातले सगळे काउबॉय तिथूनच आलेले असतात. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी इथे ओ.के. कोरलजवळ चकमक झाली. अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या सुटल्या आणि तिघे मेले. आज तीच चकमक तिकीट लावून दाखवतात, आणि मेलेले तिघे पुढच्या खेळाला वेळेवर हजर असतात. हा बंदुकीच्या स्वातंत्र्याचा सोहळा आहे असे समजून प्रेक्षक टाळ्या वाजवतो. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंत जुनी खुन्नस होतीच. पण त्या दुपारी ठिणगी पडली ती गावात शस्त्र घेऊन फिरण्यावर असलेल्या बंदीवरून. टूमस्टोनच्या नवव्या क्रमांकाच्या नियमाप्रमाणे गावात येणाऱ्याने आपले हत्यार हॉटेलात, तबेल्यात किंवा गुत्त्यात जमा करायचे असे. काउबॉयांच्या बाजूच्या आइक क्लॅंटनला त्याच दिवशी, चकमकीच्या थोडे आधी, हा नियम मोडल्याबद्दल पंचवीस डॉलर दंड झाला होता. व्हर्जिल अर्प हा गावचा मार्शल, म्हणजे तिथला फौजदारच. तो भावांना आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे याला घेऊन निघाला तो क्लॅंटनच्या मंडळींची शस्त्रे काढून घ्यायला. आता मजा पाहा. त्याच ॲरिझोनात २०१० पासून एकवीस वर्षांवरच्या नागरिकाला पिस्तूल कपड्याखाली लपवून फिरायला परवाना लागत नाही. म्हणजे ज्या वस्तूपायी व्हर्जिलने त्याला हटकले असते ती कमरेला लावून, व्हर्जिलचे चित्र असलेला टी-शर्ट घालून, पर्यटक त्याच रस्त्यावर आइस्क्रीम खात उभा राहू शकतो.

गावातून निघावे ते दुकानात. दुकानांची भव्यता पाहायची असेल तर मेम्फिसला एक बत्तीस मजली पिरॅमिडच आहे. आत दलदल, मासे, सुसरी आणि बंदुकीचा विभाग असा सगळा संसार. पण खरी करमणूक साध्या दुकानाच्या काउंटरवर, फॉर्म ४४७३ भरताना होते. या सरकारी फॉर्मात गिऱ्हाइकाला विचारलेले असते की आपण कायद्यापासून फरार आहात काय. प्रश्नाच्या पुढे होय किंवा नाही अशा चौकटी असतात आणि फरार माणसाने त्यात प्रामाणिकपणे खूण करावी अशी अपेक्षा असते. खोटे लिहिणे हा वेगळा गुन्हा आहे, हेही छापलेले असते. गांजाच्या प्रश्नाखाली खास तळटीप आहे, कारण ज्या राज्यात तो दुकानात राजरोस मिळतो तिथेही केंद्राच्या लेखी तो ओढणारा बंदुकीला अपात्रच. मग दुकानदार तपासणी यंत्रणेकडे चौकशी करतो. ही यंत्रणा एफबीआय १९९८ पासून चालवते. उत्तर ‘द्या’, ‘थांबा’ किंवा ‘नको’ यांपैकी एक येते, आणि बहुतेकदा मिनिटांत येते. आपल्या माणसांची गंमत याच फॉर्मात आहे. एच-वन-बी व्हिसावर आलेल्या इंजिनिअरला एरवी बंदूक घेता येत नाही. मात्र त्याच्याकडे एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना असेल तर घेता येते. त्यामुळे जे घर श्रावणात कांदासुद्धा वर्ज्य मानते, त्या घरातल्या मुलाला पिस्तुलासाठी आधी कागदोपत्री शिकारी व्हावे लागते. शिकार करायलाच हवी असे काही नाही. हरणांच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे.

दुकानात उभे राहिले की गोळीच्या व्यासाचा वाद कानावर पडतोच. पंचेचाळीस कॅलिबरवाले आणि नऊ मिलिमीटरवाले हे दोन पक्ष किराणा आणि जयपूर घराण्यांच्या रसिकांइतकेच कडवे आहेत, आणि तितक्याच आवेशाने दुसऱ्या बाजूच्या मंडळींना कान नाहीत असे म्हणतात. पंचेचाळीसवाल्यांचे दैवत म्हणजे युटातल्या जॉन ब्राउनिंगचे पिस्तूल, जे लष्कराने १९११ मध्ये घेतले आणि १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून ठेवले. नऊ मिलिमीटरची गोळी जर्मन आहे आणि तिचे सध्याचे लाडके वाहन, ग्लॉक, ऑस्ट्रियन. गास्टन ग्लॉक पूर्वी पडद्यांच्या दांड्या बनवत असे, ही माहिती पंचेचाळीसवाले संधी मिळताच पुरवतात. एफबीआयने १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर मोठ्या गोळीचा ध्यास घेतला, दोन-तीन मापे वापरून पाहिली आणि शेवटी नऊ मिलिमीटरवरच परत आली. एवढ्याने वाद मिटायला हवा होता. पण वाद मिटला तर शनिवारी दुपारी करायचे काय? शिवाय वादावर खरेदी चालते. पहिले पिस्तूल संरक्षणासाठी. ते उन्हाळ्याच्या कपड्यांत लपत नाही म्हणून दुसरे, लहान. लहान हातात फार उसळते म्हणून नेमबाजीच्या रेंजसाठी तिसरे, जड. आणि गोळ्यांचा खर्च परवडेना म्हणून चौथे, पॉइंट बावीसचे, केवळ पैसे वाचवण्यासाठी. शिवाय न जमलेल्या होल्स्टरांनी भरलेला एक खण प्रत्येक घरात असतो. मी मेल्यावर बायकोने ही पिस्तुले, मी तिला सांगितलेल्या किमतीला विकू नयेत, हीच काय ती भीती, असा एक विनोद या मंडळींत पिढ्यांपासून फिरतो आहे. तो विनोद आहे असे मात्र त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

रेंजच्या दारात पाऊल टाकताच हा वादप्रिय, उधळा माणूस एकदम शाळकरी होतो. जबाबदारीच्या कागदावर सही करतो, चष्मा घालतो, कानांवर मफ चढवतो आणि आपली जागा सोडून हलत नाही. जेफ कूपर या ॲरिझोनातल्या नेमबाजीच्या शिक्षकाने रूढ केलेले चार नियम भिंतीवर असतात. पहिला असा की प्रत्येक बंदूक कायम भरलेलीच समजायची, भले ती तुम्ही आत्ताच स्वतः उघडून पाहिलेली असो. नळी जिथे भोक पडलेले चालणार नाही अशा दिशेला न्यायची नाही, नेम लागेपर्यंत बोट घोड्याबाहेर ठेवायचे, निशाणाच्या मागे काय आहे ते ओळखायचे. रेंज ऑफिसरने ‘सीझ फायर’ म्हटले की सगळे हात खाली, पिस्तुले रिकामी करून ओट्यावर, आणि माणसे मागच्या रेषेच्या मागे. घरी कुणाचे न ऐकणारा गृहस्थ इथे मुकाट ऐकतो. हा कडकपणा कशासाठी, ते पितळेच्या पुंगळीने कळते. गोळी सुटली की तिची रिकामी, तापलेली पुंगळी बाजूला उडते, शेजारच्या पडद्यावर आपटून परत येते आणि नेमके सैल गळ्याच्या शर्टात शिरते. अंगाला चटका बसताच माणूस नाचू लागतो, आणि नाचताना हातात भरलेले पिस्तूल असते. त्या दोन सेकंदांत त्याचे चारित्र्य, देशभक्ती किंवा शस्त्राचा हक्क देणारी घटनेतली दुसरी दुरुस्ती यांतले काहीही कामाला येत नाही. नळी समोर धरून ठेवायची सवय तेवढी कामाला येते. (बंद गळ्याचा शर्ट घालावा. निघताना हात गार पाण्याने धुवावेत, शिशाची धूळ असते.) उजव्या हाताच्या नवख्याची भोके कागदावर हमखास खाली डावीकडे पडतात, कारण आवाजाच्या धास्तीने गोळी सुटण्याआधीच मनगट झुकते. मागून पाहणारे सगळे हे निदान फुकट करतात. उपाय म्हणून सराव सांगणारे थोडे, नवा घोडा बसवून घ्या म्हणणारे जास्त.

गन शोमध्ये हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर. ओक्लाहोमातल्या टल्साला वर्षातून दोनदा भरणाऱ्या प्रचंड प्रदर्शनात एका छपराखाली टेबलांच्या न संपणाऱ्या रांगा असतात, बंदुकांच्या शेजारी सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या विकायला असतात, पण अशा बाजारांच्या दारात पाटी असते: भरलेले हत्यार आत आणू नये. आपली बंदूक विकायला किंवा दाखवायला आणलेल्या माणसाची बंदूक टेबलावर उघडून पाहतात आणि तिच्यात प्लॅस्टिकची पट्टी अडकवून ती मुकी करतात. नॅशनल रायफल असोसिएशनच्या वार्षिक मेळाव्यात मांडलेल्या बंदुकांच्या फायरिंग पिना काढलेल्या असतात. २०१८ ला डॅलसमध्ये आणि २०२२ ला ह्यूस्टनमध्ये मोठ्या नेत्यांची भाषणे झाली तेव्हा त्या सभागृहात बंदूक नेण्यास मनाई होती. मनाई सीक्रेट सर्व्हिसची होती, असोसिएशनची नव्हे, हे खरे. पण पिना काढायला कुणी सीक्रेट सर्व्हिस आली नव्हती.

यावर बंदूकवाल्याचे उत्तर तयार असते आणि ते टाकाऊ नाही. तो म्हणतो, रेंजचे नियम मी आपखुशीने पाळतो, जागा मालकाची आहे, पटले नाही तर मी घरी जाईन. सरकारचा कायदा सोडून मी कुठे जाऊ? जाणकार असेल तर तो असेही सांगेल की सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या ब्रुएन निकालात पश्चिमेकडच्या जुन्या टेरिटरींच्या असल्या बंदीच्या नियमांना फारसे वजन दिलेले नाही, तेव्हा टूमस्टोनचा नियम आम्हाला दाखवू नका. मालकीचा मुद्दा मान्य. पण नियम कुणी केला हा एक प्रश्न आणि तो का लागला हा दुसरा. रेंजचा मालक गिऱ्हाइकाला आपण सज्जन आहात काय असे विचारत नाही. सज्जनाच्या शर्टातही पुंगळी शिरते, हे त्याला ठाऊक असते. रेंजबाहेर मात्र हेच गिऱ्हाईक म्हणते की मी सज्जन आहे, मला नियम कशाला. दुसरा आक्षेप असा की रेंजवर गर्दी असते, घरी मी एकटा. यावर रेंजवाल्यांचेच आणखी एक धोरण पाहावे. अनेक ठिकाणी पहिल्यांदा आलेल्या एकट्या माणसाला पिस्तूल भाड्याने देत नाहीत. सोबत कुणी असेल तरच देतात. कारण सांगायला कुणाला आवडत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. तिसरा आक्षेप आपल्यावर उलटवलेला: तुमच्याकडे एका परवान्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तुम्हाला या खेळातले काय कळणार? त्याला कोल्हापूरच्या राही सरनोबतचे नाव सांगावे. तिने २०१८ च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, आणि ते ज्या देशातून मिळवले तिथे सामान्य माणसाकडे चार-चार पिस्तुले नसतात.

परतीच्या वाटेवर जॉर्जियातले केनेसॉ गाव लागते. इथे १९८२ पासून प्रत्येक कुटुंबप्रमुखाने बंदूक आणि गोळ्या बाळगाव्यात असा गावचा कायदा आहे. इलिनॉयमधल्या मॉर्टन ग्रोव्ह गावाने आदल्या वर्षी पिस्तुलांवर बंदी घातली, त्याला हे प्रत्युत्तर. कायदा वाचला की धास्ती वाटते, अपवाद वाचले की ओसरते: ज्याला ऐपत नाही त्याला सूट, ज्याच्या धर्माला किंवा मताला पटत नाही त्यालाही सूट. थोडक्यात, ज्याला नको त्याने ठेवू नये. कायदा मोडला म्हणून घरोघर फिरून कुणाला पकडतही नाहीत. असा मवाळ कायदा रेंजवर एक दिवस टिकणार नाही.

केनेसॉहून अटलांटाचा विमानतळ जवळ. विमानाने पिस्तूल नेता येते. ते रिकामे करून, कुलपाच्या कडक पेटीत घालून, काउंटरवर सांगून सामानात द्यायचे, एवढेच. तरी २०२३ मध्ये देशभरच्या तपासणी नाक्यांवर हातातल्या बॅगांत ६,७३७ बंदुका सापडल्या. त्यांतल्या ९३ टक्के भरलेल्या होत्या आणि विमानतळांत पहिला नंबर अटलांटाचा होता. पकडलेल्यांचा ठरलेला खुलासा असा की बॅगेत आहे हे विसरलो. खोटे बोलत असतील असे नाही. शनिवारी रेंजवर रिकामे पिस्तूल भरलेले समजणारा माणूस सोमवारी भरलेले पिस्तूल विसरू शकतो, कारण मधल्या रविवारी त्याच्या मागे ‘सीझ फायर’ ओरडणारा कुणी नव्हता. अशी बॅग एक्स-रेच्या यंत्रात थांबली की पट्टा थांबतो, कर्मचारी एकमेकांकडे बघतात आणि पोलिसांना बोलावणे जाते. मागे उभ्या असलेल्या प्रवाशाने ताबडतोब शेजारची रांग धरावी. पोलीस येईपर्यंत ही रांग हलत नाही.