वाचकांचे अभिप्राय शिरसावंद्य

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. इतक्या वर्षांत कोणाला त्यात वाचकांच्या सोयीने फेरफार करावेसे वाटू नयेत, ही प्रकाशकांची ढिलाईच. नाव वाचून वाचक विश्वासाने पुस्तक उघडतो, तर आत झाशीतल्या एकाही हॉटेलचे भाडे नाही. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत जातो, सत्तावनच्या धामधुमीत सापडतो, वेढा पडलेल्या झाशीत डोक्यावरून तोफगोळे जाताना पाहतो. पण थाळी कुठे चांगली मिळते, यावर चकार शब्द नाही! झाशीच्या राणीला संवाद बेताचे, गाणे तर एकही नाही. शेवट आधीच ठाऊक असल्याने दोन तारे कापणाऱ्यांचेही बरोबरच आहे. पुढच्या आवृत्तीत राणी ग्वाल्हेरहून सुखरूप परतलेली दाखवावी, म्हणजे दुसरा भाग काढता येईल.

झाशीच्याच वृंदावनलाल वर्मांनी १९४६ साली राणीवर रीतसर कादंबरी लिहिली. तीत म्हणे इतिहास फार. दोन्ही तक्रारी बहुधा एकाच वाचकाच्या. त्याने दोन्ही पुस्तके लांबूनच पाहिली, कारण वाचले की मन कलुषित होते.

या पद्धतीला झाशीत भक्कम पूर्वपीठिका आहे. १८५८ साली शहर लुटताना गोऱ्या शिपायांनी राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण केली, असे गोडसेच लिहून गेले. त्या शिपायांनीही एक पान न उलटता अभिप्राय दिला होता. तारे देण्याची सोय तेव्हा नव्हती, इतकेच.