जिप्सीवाले

आमच्या सोसायटीत बी विंगच्या तळमजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना आडनाव आहे, पण ते फक्त दारावरच्या पाटीपुरतं. एरवी वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना 'जिप्सीवाले' म्हणतात. वय अठ्ठावन्न, नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलची, आणि पार्किंगमध्ये 1997 ची मारुती जिप्सी किंग. ही गाडी दोन इंच वर उचलायची, हे त्यांनी मुलगी पाचवीत असताना ठरवलं. मुलगी आता नोकरीला लागली. उचलायचं हे ठरलेलंच आहे. कशानं, तेवढं ठरायचंय.

या मंडळींची खूण सोपी. इतर माणसं गाडीजवळ आली की दार उघडतात. हा माणूस आधी वाकतो. पाटे बघतो, शॅकलच्या बुशावर अंगठा दाबतो, डिफरन्शियलखाली तेलाचा थेंब पडलाय का ते पाहतो आणि मग गुडघ्यावर हात टेकून 'हं' करत उठतो. भाजी आणायला निघाला असला तरी. आमच्या जिप्सीवाल्यांच्या खिशात टेप असते. दर एक तारखेला चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं, हा नेम. ड्रायव्हरच्या बाजूचं माप दुसऱ्या बाजूपेक्षा अर्ध्या इंचानं कमी भरतं. त्याचं कारण वहिनींना माहीत आहे, आणि त्या ते चारचौघांत सांगतात.

कुणी नवखा विचारतो, ''काका, दोनच इंच ना? मग अडलंय कुठं?'' की काका त्याला पायरीवर बसवून घेतात. त्याची संध्याकाळ गेली.

जिप्सीला पुढंमागं पाटे. पाट्याचं एक टोक चासीला पक्कं, दुसरं शॅकलमध्ये झुलतं. स्वस्तातला उपाय म्हणजे लांब शॅकल. नाना पेठेत चौकशी केली तर दुपारपर्यंत हातात. ''पण दुसरं टोक हलतच नाही ना! म्हणजे दोन इंच हवेत तर शॅकल चार इंच लांब करा. त्यानं पुढचा ॲक्सल फिरतो, कॅस्टर बिघडतो. वळणानंतर स्टेअरिंग आपलं आपण सरळ होत नाही, ते आपण करायचं. जन्मभर.'' शॅकल बाद.

दुसरा उपाय शूरांचा. जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात, ते वरून घ्यायचे. एका फटक्यात पाचएक इंच. पण त्यानं प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून गाडी थरथरते, ब्रेकचे होज अपुरे पडतात, स्टेअरिंगचा दांडा तिरका होतो आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःच्या मनानं वळायला बघते. शिवाय सासूबाई. त्या मागच्या आडव्या बाकावर बसतात. आत्ताच त्यांना चढायला प्लॅस्टिकचं स्टूल लागतं, आणि त्या चढल्या की ते स्टूलही आत घ्यावं लागतं.

तिसरा उपाय बॉडी लिफ्ट, म्हणजे चासी आणि बॉडीच्या मधे ठोकळे. याचं नाव काढलं की काका नुसते हसतात. टाचांचे बूट घालून कुणी उंच होत नाही, असा त्या हसण्याचा अर्थ.

उरलं किट. नवे पाटे, नवे शॉकअप, यू-बोल्ट, बुश, सगळं एका खोक्यात, थेट ऑस्ट्रेलियाहून. तिकडं जिप्सीच्या बहिणीला सिएरा म्हणतात, अमेरिकेत सामुराई. जिप्सीवाल्यांना दोन्ही सासरची खडान्‌खडा माहिती. पण किटवाले आधी विचारतात: गाडीवर कायमचं वजन किती? पुढं लोखंडी बंपर आहे का, विंच आहे का? पाटा हलका घ्यायचा की जड, ते यावर. जड पाटा लावून रिकामी गाडी फिरवली तर मणके मोजून घ्यावे लागतात. आता, जिप्सीवाल्यांकडं विंच नाही, पण घ्यायची आहे. विंचचं वजन कळल्याशिवाय पाटा ठरत नाही. बंपर ठरल्याशिवाय विंच ठरत नाही. आणि गाडी किती उंच होणार ते कळल्याशिवाय बंपर ठरत नाही. हे सगळं वहीच्या मधल्या दोन पानांवर बाणांसकट काढलेलं आहे. मी पाहिलंय. अप्रतिम आकृती आहे.

एकदा मात्र गोष्ट पैसे भरण्यापर्यंत आली होती. ऑस्ट्रेलियातलं 'ओल्ड मॅन इमू' हे या दुनियेतलं मोठं नाव. जेवताना जिप्सीवाल्यांनी विषय काढला, ''इमूमध्ये थोडे पैसे घालावे म्हणतोय.'' वहिनींच्या हातातला डाव थांबला. महाराष्ट्रात गावोगाव इमूपालनाचं वारं सुटलं होतं, तेव्हा वहिनींच्या मामांनी दोन एकरांना कुंपण घालून ते पक्षी आणले होते. पुढं अंड्यांना गिऱ्हाईक नाही, मांसाला नाही, पण इमू मात्र रोज खाणार, अशी अवस्था. हे शॉकअप आहेत, पक्षी नव्हेत, हे जिप्सीवाल्यांनी कॅटलॉग दाखवून सिद्ध करायला घेतलं. कॅटलॉगवर इमूचं चित्र होतं.

सी विंगमधल्या एका पोरानं नवी जिम्नी घेतली, तेव्हा आम्हाला वाटलं आता काकांना हेवा वाटणार. ते गाडीखाली वाकले आणि प्रसन्न चेहऱ्यानं उठले. ''माझ्या जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स 210 मिलिमीटर, आणि ही 2023 ची गाडी, हिचाही 210! इतक्या वर्षांत कंपनीचं ठरेना, आणि तुम्ही माझ्या मागं लागता.'' पोरगं चौकस. म्हणालं, ''पण काका, किट लावलं तरी डिफरन्शियल तिथंच राहणार ना? ते तर ॲक्सलवर आहे. दगड आपटणार तो त्यालाच.'' पार्किंगमध्ये शांतता पसरली. हा प्रश्न म्हणजे या पंथाचं गुपित आहे: किटनं सगळी गाडी वर जाते, फक्त सगळ्यात खालची वस्तू सोडून. ती उचलते मोठ्या टायरनं, आणि टायर दोन इंच उंच घेतला तर ती एकच इंच उचलते. ''अरे, किट हे टायरला जागा करायला असतं,'' काका म्हणाले. मग मोठ्या टायरनं इंजिन दमतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, हे त्यांनीच सांगितलं, आणि वहीत टायरचं नवं प्रकरण उघडलं.

कायद्याचंही एक कलम आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत असे बदल गाडीत करता येणार नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52. वहिनींनी ते कात्रण फ्रिजला चिकटवलं. जिप्सीवाले दूध काढताना ते रोज वाचतात. शिवाय पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं दर पाच वर्षांनी पासिंग. ते जवळ आलं की 'एवढं होऊ दे', होऊन गेलं की 'आत्ताच तर झालंय'.

गंमत म्हणजे यांच्या सल्ल्यानं इतरांच्या कितीतरी गाड्या वर गेल्या. शनिवारी संध्याकाळी पोरं जीप घेऊन येतात, काका खाली वाकतात, दोन आकडे सांगतात, आणि पुढच्या पावसाळ्यात ती पोरं ताम्हिणीकडच्या चिखलात मजेत लोळत असतात. दुसऱ्याची गाडी असली की या माणसाला पाच मिनिटं पुरतात.

गेल्या दिवाळीत जिप्सीचा मागचा मुख्य पाटा मोडला. कुठल्या कड्यावर नव्हे, सोसायटीच्याच स्पीडब्रेकरवर. गाडी ओढून सोलापूर रस्त्यावरच्या पाटेवाल्याकडं नेली. जिप्सीवाले त्या दिवशी ऑडिटमध्ये अडकलेले. म्हातारा पाटेवाला कुणाला काही विचारण्यातला नव्हता. त्यानं मोडका पाटा बदलला, बाकीचे तापवून, ठोकून त्यांची कमान चढवली, बुश नवे घातले, चारही चाकांचं उरकून टाकलं. संध्याकाळी जिप्सीवाल्यांनी टेप लावली. दोन इंच वर! चारही बाजूंनी!

''कोणतं किट घातलंत?'' त्यांनी फोनवर विचारलं.

''कसलं किट? गाडी बसली होती, साहेब. कंपनीची उंची आणून दिली.''

जिप्सीवाले दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवी दोनशे पानी वही आणली. ''आजवरची सगळी मापं बसलेल्या गाडीची होती,'' ते मला म्हणाले. चेहरा दहा वर्षांनी तरुण. ''आता खरा विचार सुरू करता येईल.''

तेवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या, ''अहो, आईचा पाय आता स्टुलावरून पोचत नाही.''

''किती कमी पडतं?''

''असेल दोन इंच.''

त्यांनी टेप काढली. स्टूल उलटं करून पायरीवर ठेवलं. पायांना रबरी बुचं लावली तर डगमगेल. खाली फळी ठोकली तर उंची मिळेल, पण वजन वाढेल, आणि ते आत ओढायचं कुणी? मधे ठोकळे घालणं त्यांना तत्त्वतः मान्य नव्हतं. नव्या वहीचं पहिलं पान भरत आलं, तोवर सासूबाई रिक्षा करून निघून गेल्या होत्या.