आमचा माणूस पुढे आहे

थीम पार्कच्या रांगेत दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य हे. रांगेत एक काका एकटेच उभे असतात. लोखंडी कठड्यांच्या वळणांतून रांग सरकत सरकत जिन्यापाशी पोचते, आणि मग मागून दहा-बारा जणांचा जथा सगळ्यांच्या खांद्यांना घासत पुढे येतो. कुणाच्या हातात मक्याचा कप, कुणाच्या हातात ओल्या कपड्यांची पिशवी. "जरा जाऊ द्या हं, आमचा माणूस पुढे आहे." आवाज अगदी गोड. काका लांबून हात करतात. मागची पोरं आईकडे बघतात, आई नवऱ्याकडे बघते, नवरा मोबाइलमध्ये बघतो. कुणी बोलत नाही.

बोलायला हवं. तान्ह्या बाळाला घेऊन आई बाजूला गेली असेल, कुणाला स्वच्छतागृह गाठायचं असेल, तर तो प्रश्न वेगळा. पण एकाने बारा जणांचा नंबर लावून ठेवायचा आणि बाकीच्यांनी तेवढ्या वेळात दुसरी राइड उरकून यायची, ही घुसखोरी आहे. तिला दुसरं नाव नाही. "तुमचा माणूस पुढे आहे ना, मग त्याला मागे बोलवा," एवढं शांतपणे सांगितलं तरी पुरतं. एकाने सांगितलं की मागचे दहा जण लगेच साथ देतात.

मुंबई-पुण्याकडच्या घरांत सुट्ट्या लागल्या की खोपोलीच्या इमॅजिकाचा विषय निघतोच. २०१३ साली ते सुरू झालं. त्याआधीच्या पिढीचं हौसेचं ठिकाण म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क २०२२ साली बंद झालं. तिथे तर राइडच्या आधी लाँचसाठीही थांबावं लागायचं. म्हणजे रांग आपल्याला नवी नाही. ती टाळण्याचा विचार मात्र आपण फार उशिरा करतो, बहुतेक वेळा रांगेत उभं राहिल्यावर. ट्रिपच्या आदल्या रात्री थेपले, टोप्या, पॉवर बँक, सगळ्याची तयारी होते. आत गेल्यावर कुठल्या राइडला आधी जायचं, हे कुणी ठरवत नाही. हजारो रुपयांची तिकिटं काढलेल्या दिवसाचं हे नियोजन!

पहिली गोष्ट दिवसाची. रविवार नको, हे सगळ्यांना कळतं. पण "मधल्या वारी जाऊ, गर्दी नसेल" म्हणून डिसेंबरातला बुधवार निवडणारे तिथे पोचल्यावर कपाळाला हात लावतात. डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम. मधल्या वारीच तर बस भरभरून येतात. एकेका शाळेची दोन-तीनशे मुलं एकाच शिट्टीवर एकाच राइडकडे निघतात. त्या मुलांवर रागावू नये. त्यातल्या कितीतरी जणांसाठी वर्षातला हा एकच दिवस असतो, आणि रांग तर ती आपल्यापेक्षा नीट पाळतात. आपण आपला दिवस बदलावा. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना सोडून द्या. उत्तम काळ म्हणजे फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर किंवा चालू, सहली संपलेल्या, ऊन अजून सोसवणारं. त्यातला मंगळवार किंवा बुधवार घ्या. शाळा बुडते, मान्य. एक दिवस बुडू द्या. मुलाला दिवसभर कठड्याला टेकवून ठेवण्यापेक्षा ते बरं.

पावसाळ्यात रांग आखूड असते, हेही खरं. पण खोपोली घाटाच्या पायथ्याला आहे, तिथला पाऊस थट्टा करत नाही. पाऊस जोराचा झाला की उघड्यावरच्या राइड्स थांबवाव्याच लागतात आणि त्या थांबवायलाच हव्यात. ज्याला 'मिस्टर इंडिया', 'डीप स्पेस', 'आय फॉर इंडिया' अशा छपराखालच्या राइड्स चालतात त्याने जुलैत जावं. उघड्यावरच्या 'नायट्रो'साठी जीव टाकणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी जाऊ नये. आणि पावसाळ्यातला शनिवार-रविवार तर मुळीच नको. पार्कात रांग नसेल, पण सगळी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते आणि रांग एक्स्प्रेसवेवर लागते.

दुसरी गोष्ट घड्याळाची, आणि इथेच बहुतेकांचा दिवस वाया जातो. गेट उघडताना दारात असणं याला पर्याय नाही. पहिल्या दीड-दोन तासांत जेवढ्या मोठ्या राइड्स होतात, तेवढ्या दुपारी चार तासांत होत नाहीत. अकराला उघडणाऱ्या ठिकाणी साडेबाराला पोचणारं कुटुंब गर्दीच्या ऐन भरात आत शिरतं, मग लॉकरसाठी थांबतं, मग फोटोंसाठी थांबतं आणि दारालगतच्या पहिल्या राइडला लागतं. दारालगतची राइड सगळेच आधी धरतात. तिला सोडून सरळ आत जा. जी सगळ्यात जास्त गाजलेली आणि जिच्यात एका वेळी सगळ्यात कमी माणसं बसतात, ती राइड पहिली. मोठ्या सभागृहात शेकडो माणसं एकदम बसवणारे कार्यक्रम दुपारसाठी ठेवा, ते कुठे पळून जात नाहीत. जेवण बाराच्या आत नाहीतर तीननंतर. एक ते अडीच या वेळात जग जेवतं, आणि त्याच वेळात राइडची रांग जरा हलकी होते. मुलांची उंची घरीच मोजून जा. पाऊण तास उभं राहून फाटकाशी आल्यावर उंचीच्या पट्टीने परत पाठवलेल्या मुलाचं तोंड बघवत नाही.

यामागचं गणित सोपं आहे. समजा, एका गाडीत २० जागा आहेत आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला ६०० माणसं. तुमच्यापुढे ३०० असतील तर अर्धा तास थांबावं लागणार. रांगेची लांबी, माणसं येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचं हे नातं जॉन लिटल यांनी १९६१ साली रीतसर सिद्ध केलं आणि ते आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. ते प्रत्येकाला वापरता येतं. पुढची डोकी अंदाजे मोजा, दोन गाड्या सुटेपर्यंत घड्याळ बघा, आणि थांबायचं की पुढे जायचं ते ठरवा. फलकावरच्या आकड्यावर विसंबू नका, तो जुना झालेला असू शकतो.

अमेरिकेत लेन टेस्टा या संगणकतज्ज्ञाने डिस्नेतल्या दिवसाचं असंच गणित मांडलं. फिरत्या विक्रेत्याने सगळी गावं कमीत कमी प्रवासात कशी करावीत, हे गणितातलं जुनं कोडं. थीम पार्कात ते आणखी अवघड होतं, कारण इथे दोन गावांमधलं अंतर घड्याळाप्रमाणे बदलतं. सकाळी दहा मिनिटांवर असलेली राइड दुपारी दीड तासावर गेलेली असते. लोकांनी त्यावरून आखलेले आराखडे खिशात घालून दिवस काढले आणि ते उपयोगी पडले. कारण एकच, गर्दी लहरी वाटली तरी तिच्या सवयी ठरलेल्या असतात.

आता फलाटावर जरा वेळ थांबून बघा. गाडी येते, आधीचे उतरतात, नवे आत शिरतात. एकाला चपला कुठे ठेवायच्या ते आत्ता आठवतं. एकीला मैत्रिणीशेजारीच बसायचं असतं, म्हणून तीन जण उठून जागा बदलतात. एक जण खिशातला मोबाइल बाहेर काढायला तयार नसतो, शेवटचा व्हिडिओ चालू असतो. काम करणारा मुलगा प्रत्येकाच्या मांडीवरचा दांडा खाली दाबतो, ओढून बघतो, पुढे जातो, परत मागे येतो. तो घाई करत नाही आणि त्याने करूही नये, कारण आपला जीव त्या दांड्यावर असतो. पण बाकीच्यांच्या या गोंधळात अर्धं मिनिट गेलं आणि गाडी दोनऐवजी अडीच मिनिटांनी सुटली, तर तासाला ६००ची ४८० माणसं होतात. मागच्या तीनशेव्या माणसाचा अर्धा तास साडेसदतीस मिनिटांवर जातो. आपली पाळी यायच्या आधी चपला हातात, चष्मा खिशात, मोबाइल बंद, कोण कुणाशेजारी बसणार ते ठरलेलं, एवढं प्रत्येकाने केलं तरी रांग चालू लागते. याला पैसा लागत नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. जगभरच्या मोठ्या पार्कांत आता जादा पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी रांग असते. आपल्याकडेही ही 'एक्स्प्रेस' पद्धत रुळली आहे. डिस्नेने १९९९ साली 'फास्टपास' आणला, तेव्हा तो तिकिटातच होता. राइडपाशी जायचं, यंत्रातून कागद घ्यायचा, त्यावर लिहिलेल्या वेळेला परत यायचं. जो आधी पोचला त्याला आधीची वेळ, गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखी. २०२१ साली फ्लोरिडात त्या जागी पैसे घेणारी सोय आली, सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर. २०२४ साली तर त्याहून कितीतरी महागडा, पाहिजे त्या वेळी सरळ आत सोडणारा पास आला. फुकट होतं ते विकायला काढलं, आणि लोकांनी मुकाट्याने विकत घेतलं.

विकलं काय जातं, ते नीट बघा. जादा पैसे भरल्याने गाडीतली एकही जागा वाढत नाही. गाडी तेवढीच, जागा २०. त्यातल्या १० पैसेवाल्यांच्या रांगेला दिल्या की साधी रांग तासाला ६००ऐवजी ३००च्या वेगाने सरकते. अर्ध्या तासाची रांग तासाची होते. पार्क वेळ बनवत नाही. साध्या तिकिटाच्या माणसाचा वेळ कापतं आणि दुसऱ्या खिडकीवर विकतं. आणि रांग जितकी त्रासदायक, तितका जादा पास खपतो. म्हणजे साधी रांग लवकर हलावी, असं वाटण्याचं कारणच पार्काला उरत नाही. माझा मूळ आक्षेप इथे आहे.

यावर हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे: ज्याला परवडतं त्याने घ्यावं, विमानात नाही का वेगवेगळे वर्ग. विमानात पुढच्या वर्गातला प्रवासी मागच्याला उशिरा पोचवत नाही, दोघांचं विमान एकाच वेळी पोचतं. इथे एकाचं लवकर पोचणं दुसऱ्याच्या उशिरातून काढलेलं आहे. आणि तो दुसरा बहुतेक वेळा लहान मुलाचा हात धरून उन्हात उभा असतो, वर्षभर पैसे साठवून आलेला असतो. समोरच्या मोकळ्या रांगेतून त्याच वयाची मुलं सरळ आत जाताना त्याचं मूल बघतं आणि विचारतं, "बाबा, ते कसे गेले?" देवदर्शनाच्या पैसेवाल्या रांगेने या प्रश्नाची आपल्याला सवय लावली. पण सवय झाली म्हणून ही पद्धत बरोबर ठरत नाही.

वेगळी वाट असावी ती गरजेपोटी. अपंग व्यक्ती, फार वेळ उभं न राहू शकणारी म्हातारी माणसं, गर्दी आणि गोंगाट सहन न होणारी मुलं, यांना बाजूने आत घ्यायलाच हवं, आणि त्यावर कुरकुर करणाऱ्याची लाज वाटावी. छोटं मूल असलेल्या आईबापांसाठी परदेशातल्या मोठ्या पार्कांत एक चांगली रीत आहे. एक जण राइडला जातो, दुसरा बाळाला घेऊन बाहेर थांबतो, आणि मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता आत सोडतात. कुणाचंही नुकसान न करता दोघांचा दिवस होतो. तशीच एकट्यादुकट्यांची रांग. गाडीत एखादी जागा रिकामी जात असेल तर ती एकट्याने भरायची. यात जागा खरोखर वाढते. मित्रांपासून वेगळं बसायची तयारी असेल त्याने जिथे ही सोय असेल तिथे जरूर घ्यावी.

तेव्हा जाणाऱ्यांना सांगणं हे, की जादा पासाकडे वळण्याआधी एकदा दिवस आणि तास बदलून बघा. फेब्रुवारीतल्या मंगळवारी दार उघडताना हजर असलेल्या माणसाला त्या पासाची गरज क्वचितच पडते. मे महिन्यातल्या रविवारी दुपारी पोचलेल्याला मात्र तो पासही पुरता वाचवत नाही, कारण त्या दिवशी पासवालेही शेकड्यांनी असतात.

आणि पार्क चालवणाऱ्यांकडे एक मागणी. पैसेवाली रांग बंद करा असं आज म्हणत नाही, तुम्ही ती करणार नाही. पण प्रत्येक राइडच्या किती जागा त्या रांगेला जातात आणि त्यामुळे साध्या तिकिटाच्या माणसाला किती थांबावं लागेल, हे रोजच्या रोज तिकीटखिडकीवर ठळक अक्षरांत लिहा. माणूस पैसे मोजायच्या आधी.