बोलघेवड्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

आपण तोंड उघडताच समोरच्याला गॅसवर ठेवलेलं दूध आठवत असेल, तर प्रस्तुत मार्गदर्शन आपल्यासाठीच आहे. दोष जिभेचा नाही, तालमीचा आहे. तालीम घ्यावी ती लखनौ-दिल्लीच्या उर्दू दास्तानगोंची, म्हणजे लांबलचक कथा (दास्तान) तोंडी रंगवून सांगणाऱ्यांची. या मंडळींनी बडबडीवर पोट भरून दाखवलं.

आधी विषय. स्वतःच्या मूतखड्याचं ऑपरेशन नको. ते फार लवकर संपतं. दास्तानगोंनी अमीर हमजाची कथा धरली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ती छापली तेव्हा ४६ जाडजूड खंड झाले. त्यातल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे चार खंड लिहून मुहम्मद हुसैन जाह बाजूला झाले, तर अहमद हुसैन कमर यांनी ते पुढे चालवलं. माणूस बदलला, गोष्ट थांबली नाही.

मसाला चार प्रकारचा: रज्म म्हणजे लढाई, बज्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे मायानगरी आणि अय्यारी म्हणजे वेषांतर, लबाडी. सोसायटीच्या वार्षिक सभेत पहिला आणि चौथा आयता मिळतो. तिलिस्मासाठी बिल्डरचं माहितीपत्रक वापरावं.

श्रोते टिकवण्याची लखनवी युक्ती मात्र आज चालणार नाही. तिथे दास्तानीला अफूबाजांचा मोठा आश्रय होता, आणि अफू घेतलेला माणूस सहसा मध्येच उठून जात नाही. आपण कांदाभजीवर भागवावं. पण ताटली एकदम पुढे करू नये. भजी संपली की माणसं संपतात.

आता खरी विद्या: दास्तान रोखणं. म्हणजे बोलत राहायचं आणि गोष्ट जागची हलू द्यायची नाही. सांगतात ते असं: प्रियकर आता पडदा उचलणार, अशा जागी कथा आली आणि आश्रयदात्याला परगावी जावं लागलं. कित्येक दिवसांनी तो परतला, तरी पडदा खालीच! आपण ‘मी बेल वाजवली’ या वाक्यावर सराव करावा. बेलचा आवाज, ती बसवणारा वायरमन, त्याच्या मेहुण्याची नोकरी, मेहुण्याच्या साहेबाचं कोकणातलं घर, त्या घराची कौलं. दार उघडण्याची घाई करू नये. आतून कोणी उघडलंच, तर जिन्याकडे वळावं.

उत्पन्नाबद्दल भलत्या आशा नकोत. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले. उतारवयात त्यांना सुपारी विकावी लागली होती. पण २००५ पासून महमूद फारूकी आणि त्यांच्या साथीदारांनी दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आणली. हल्ली बहुधा दोघे मिळून सांगतात; एक बोलतो तेव्हा दुसऱ्याला दम घेता येतो. घरात असा जोडीदार असेल तर उत्तम. नसेल, तर स्थळं पाहताना पत्रिकेआधी एवढंच विचारून घ्यावं.