नाकाची साक्ष

आम्ही घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकांनी मागे तीन गोष्टी ठेवल्या: चाव्यांचा जुडगा, वीजबिलाची थकबाकी आणि कुंपणाच्या कोपऱ्यातलं एक झुडूप. पहिल्या दोन्हींचा उलगडा त्याच दिवशी झाला. झुडूप मात्र गप्प. जूनमध्ये चार सरी पडल्या आणि एका संध्याकाळी ते असं फुललं, की वास थेट स्वयंपाकघरात येऊन बसला.

"रातराणी," शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या. वासाचं झाड ओळखताना झाडाकडे बघायची पुण्यात पद्धत नाही. रातराणीची फुलं हिरवट, लांब नळीची. ही पांढरीशुभ्र, पाच पाकळ्या मागे वळलेल्या, आणि भर दुपारीसुद्धा घमघमणारी.

"मग उशिरा झोपणारी असेल," काकू म्हणाल्या.

समोरच्या आजोबांनी मोगरा ठरवला. मोगऱ्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात, असं मी म्हटलं, तर त्यांनी मी त्यांच्या शेताचा बांध सरकवल्यासारखं पाहिलं. फोनमधल्या अ‍ॅपनं कॉफी सांगितली. त्यावर मुलानं दळायच्या यंत्राची किंमतही काढली.

आईला फुलांत रस नाही. तिनं पानं पाहिली. एका दांडीवर पाच-सात, चकचकीत. "अरे, हा तर कढीपत्ता!" म्हणत आमटीच्या फोडणीत घातलीसुद्धा. आमटीला कढीपत्त्याचा वास काही येईना.

"पुण्याचा कढीपत्ता," आई म्हणाली. आई रत्नागिरीची.

शेवटी फांदी घेऊन नर्सरीत गेलो. "कामिनी," माळी मान वर न करता म्हणाला, "कुंपणाला लावतात. किती रोपं देऊ?" मग त्यानं पान उन्हासमोर धरायला लावलं. लिंबाच्या पानात दिसतात तसे तेलाचे बारीक ठिपके! लिंबाच्याच घराण्यातली ही, मराठीत कुंती. कढीपत्ताही त्याच घरातला, आणि इतका जवळचा, की वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोघांना वर्षानुवर्षं 'मुराया' या एकाच आडनावाखाली नांदवलं. अलीकडे कढीपत्त्याची वाटणी करून दिली म्हणे.

दोन नावांपैकी घरी कोणतं सांगायचं, याचा मला फार विचार करावा लागला नाही. 'कुंती' ऐकून बायको हसली. कढीपत्त्याशी नातं ऐकून आईनं फक्त "हं" केलं. त्या 'हं'मध्ये आमटीसकट सगळं आलं.

"काय निघालं हो?" कुंपणापलीकडून आवाज आला.

"कुंती."

"असेल," काकू म्हणाल्या. "पण वास रातराणीचाच आहे."