ओसरी ते माजघर

२०१० साली सिस्टमडी आले ते एवढ्याचसाठी: लिनक्स सुरू होताना सगळ्या सेवा झटपट उभ्या करायच्या. ओसरी मिळाल्यावर पाय पसरायला कितीसा वेळ! मग नोंदवही त्याच्याकडे गेली, तीही अशी की साध्या ग्रेपला वाचता येत नाही, ‘जर्नलसीटीएल’लाच विचारावे लागते. पाठोपाठ लॉगिन, डीएनएस, घड्याळ. २०२० मध्ये होम डिरेक्टरीही. दर वेळी उत्तर ठरलेले: सक्ती थोडीच आहे, हवे तर घ्या!

विरोधकही काही कमी नाहीत. २०१४ मध्ये डेबियनपासून फुटून त्यांनी देवुआन थाटले आणि ज्या जुन्या इनिट स्क्रिप्टांना जन्मभर शिव्या घातल्या, त्यांच्याच आरत्या सुरू केल्या.

२०२४ ची २५६वी आवृत्ती म्हणजे कहर. सुडोला पर्याय म्हणून ‘रन०’ आलेच, शिवाय ‘टेम्पफाइल्स’ला ‘पर्ज’ची जोड मिळाली. नाव वाचून कुणाला वाटले, तात्पुरता कचरा निघेल. निघाले अख्खे ‘होम’. तक्रार केली तर आधी ऐकून घ्यावे लागले की माहितीत लिहिलेच होते की! मग लगोलग २५६.१ आली. आता काय पुसायचे त्याची यादी आपणच हातात द्यायची.