सीट नको, तारीख हवी

प्रवेश न मिळालेल्या मुलांचे दुःख सगळ्यांना कळते. त्यांच्यासाठी आया देवाला नवस बोलतात, पुढारी निवेदने देतात, संपादक अग्रलेख पाडतात. आमच्या भाच्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही, कारण त्याला प्रवेश मिळतो. तो घेत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा 4,000 रुपये भरतो आणि तीच परीक्षा देतो.

परीक्षेचे नाव 'क्लॅट'. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पाच वर्षांच्या एलएलबीला जायचा हा रस्ता. दोन तास, 120 प्रश्न, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. वयाला वरची मर्यादा नाही. माहितीपत्रकातले हे शेवटचे कलम वाचले की ताईच्या पोटात गोळा येतो आणि भाच्याचा चेहरा खुलतो.

निकालानंतर जागावाटप होते आणि उमेदवाराच्या पुढ्यात तीन पर्याय येतात. 'फ्रीझ' म्हणजे पटले. 'फ्लोट' म्हणजे पटले, पण वरचे मिळाले तर बघू. 'एक्झिट' म्हणजे नमस्कार, आम्ही निघालो. सामान्य मुले फ्लोटवर नशीब आजमावतात आणि शेवटी फ्रीझ करतात. आमचे चिरंजीव दरवर्षी एक्झिट घेतात, आणि तेही असे, की जणू विद्यापीठच मुलाखतीला आले होते आणि नापास झाले.

पहिल्या वर्षी जबलपूर लागले. तिथल्या विद्यापीठाचे नाव धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ. आजीला कोण आनंद! नातू धर्मशास्त्र शिकणार म्हणून तिने शेजारणींना सांगूनही टाकले, आणि घरच्या सत्यनारायणाला आता गुरुजी शोधायला नकोत असा हिशेबही केला. भाच्याने सरकारी रँकिंगची यादी पुढे केली. कायद्याच्या यादीत बेंगळुरू सुरुवातीपासून पहिले आहे, हे त्याने आजीला समजावले. आजी म्हणाली, "मग बेंगळुरूचं घे की." एवढे साधे उत्तर घरातल्या एकाही सुशिक्षिताला सुचले नव्हते.

दुसऱ्या वर्षीची कथा लांबली, आणि त्यात भाच्याचा दोष नाही. 1 डिसेंबर 2024 ला परीक्षा झाली. निकाल लागला, आणि उत्तरेच चुकली आहेत म्हणून मुले कोर्टात गेली. 20 डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी दोन उत्तरे चुकीची ठरवली. त्यावर अपील. इतर उच्च न्यायालयांतही याचिका. मग सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या याचिका गोळा करून दिल्लीला पाठवल्या, तिथे एप्रिलमध्ये निकाल लागला, तोही पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे महिन्यात कुठे उत्तरतालिका पक्की झाली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे कायदा शिकवणाऱ्या विद्यापीठांच्या संघाने प्रश्न काढले आणि योग्य पर्याय कुठला, हे ठरवायला देशाचे सर्वोच्च न्यायालय बसले! या खटल्यापुरते तरी अभ्यासक्रमाचे प्रात्यक्षिक आधी झाले आणि प्रवेश नंतर.

ताई पाच महिने पेढ्यांची ऑर्डर देत होती आणि रद्द करत होती. अखेर नागपूर लागले. महाराष्ट्रातले सरकारी विधी विद्यापीठ, रात्रीच्या गाडीने घरी येता येईल असे. भाच्याने एक तास विचार केल्यासारखे केले आणि एक्झिट घेतली. "मामा," तो मला म्हणाला, "मुंबई असती तर गोष्ट वेगळी होती." मुंबई मिळाली असती तर गोष्ट बेंगळुरूची असती, हे मी बोललो नाही. मामाने काही गोष्टी गिळायच्या असतात.

दाजी कऱ्हाडच्या कोर्टात वकिली करतात. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात कायदा, अशी त्यांनी पदवी घेतली. कॉलेजने त्यांना निवडले की त्यांनी कॉलेजला, हा प्रश्न त्यांच्या काळी अस्तित्वात नव्हता. ते मुलाला सांगतात, "बाबा रे, बार कौन्सिलच्या सनदेवर कॉलेजचा नंबर छापत नाहीत. आणि ती अखिल भारतीय बार परीक्षा बेंगळुरूच्या पोराला चुकत नाही, कऱ्हाडच्याही नाही. खालच्या कोर्टांत 4 कोटींच्या वर खटले पडलेत. माणसं हवीत, माणसं."

"म्हणजे घाई नाही," भाचा म्हणाला.

दाजींची बाजू हल्ली जरा लंगडीच पडते. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे 302 आता 103 झाले आणि फसवणुकीचे 420 गेले 318 मध्ये. आयुष्यभर पाठ असलेली कलमे दाजी रात्री चष्मा लावून पुन्हा घोकतात. भाचा शेजारी बसून चालू घडामोडी घोकतो. गेल्या वर्षी पाठ केलेले नोबेल विजेते यंदा रद्दीत गेले, त्यामुळे त्यालाही नवी नावे लागतात. "बाबा, तुम्हीपण ड्रॉपच घेतलाय की," असे तो परवा म्हणाला, आणि इतक्या वर्षांच्या उलटतपासणीत दाजी पहिल्यांदा निरुत्तर झाले.

क्लासवाल्यांची मात्र या पोरावर माया आहे. त्यांच्याकडे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणाऱ्यांची 'ड्रॉपर बॅच' असते. नापास झालेला विद्यार्थी क्लासची बदनामी करतो आणि पास झालेला क्लास सोडून जातो. पास होऊन परत येणारा हाच खरा भरवशाचा. जाहिरातीतल्या फोटोला त्याचा निकाल, तिजोरीला त्याची फी.

माझे स्पष्ट मत विचाराल तर या मुलाला कायदा शिकायचाच नाही. त्याला निवडले जायचे आहे. दरवर्षी एकदा, यादीत नाव पाहून, नकार द्यायची ऐट मिळेपर्यंत. शिकायला लागला की ती ऐट जाईल. पहिल्याच सहामाहीत कराराच्या कायद्यात प्रस्ताव आणि स्वीकृती येते, आणि स्वीकृतीशिवाय करार होत नाही हे त्याला लिहून दाखवावे लागेल.

गेल्या रविवारी दाजींनी शेवटचा उपाय म्हणून दिवाणी प्रक्रिया संहिता काढली. आदेश 17, नियम 1 : दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत. वाचून झाल्यावर ते बोट तसेच ओळीवर ठेवून मुलाकडे बघत राहिले. भाच्याने बोटांवर मोजले. जबलपूर एक, नागपूर दोन.

"म्हणजे अजून एक शिल्लक आहे," तो म्हणाला. आणि दाजींनी, वकील असल्यामुळे, ती हरकत मान्य केली.